रंगवलेल्या चाकाची साक्ष

चाकाला रंग दिलेली गाडी दिसली की माझं डोकं फिरतं. परवाच आमच्या नौपाड्यातून बैलांची एक नवी कोरी दमणी गेली. तांबडी चाकं, आऱ्याआऱ्याला पिवळी रेघ. आतला गृहस्थ असा बसला होता, जणू ती चाकं त्यानंच जन्माला घातली. मी काठी आडवी धरून गाडी थांबवली आणि भर रस्त्यात त्याला चार शब्द सुनावले. गृहस्थ अनोळखी. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. घरच्यांनाही तेच वाटतं. पण ते शब्द त्याच्यासाठी नव्हतेच. कल्याणात एका चोविशीच्या शहाण्याला ते वेळेवर सुनावायचे राहून गेले होते, आणि तो शहाणा मी होतो.

त्या वेळी मी कल्याणच्या कचेरीत कारकून होतो. आम्ही मूळचे कोपरीचे. आईवडील लवकर गेले आणि मला वाढवलं ते आत्यानं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. ती कल्याणपासून दोन कोसांवर, नदीपलीकडे मोहन्यात राहायची. तिचे यजमान वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यांच्या मागं तिला एक माजघर, एक पडवी आणि परसातली विहीर एवढंच उरलं. धाकट्या दिरानं आधी विहिरीला कुंपण घातलं, मग पडवीत गवत भरलं, आणि शेवटी माजघराचं दारही आपलंच आहे असं सांगू लागला. आत्यानं मुन्सफाकडे दावा लावला. विधवा बाईनं दिरावर दावा लावायचा, हे तेव्हा जवळजवळ घराला आग लावण्याइतकं होतं. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं गावाशी आधीच टाकलं होतं, त्यामुळं गावाचा बेत फसला.

दाव्याच्या शेवटच्या तारखेला तिला स्वतः हजर राहून शपथेवर सांगायचं होतं. वकिलानं मला तीनदा बजावलं होतं: पुकारा होईल तेव्हा बाई दारात उभ्या पाहिजेत, नाहीतर दावा गेला म्हणून समजा. तिला आणायचं काम माझं. अख्ख्या दाव्यात माझ्यावर एवढंच काम होतं.

आता दमणीचं. माझी खोली कचेरीपासून दोनशे पावलांवर होती. मला गाडीची गरज चपलेच्या तिसऱ्या पायाइतकी होती. तरी ठाण्याचा एक अधिकारी बदलून चालला आणि त्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा मी त्याची कमानींची दमणी उचलली, वर चालीच्या खिलारी बैलांची जोडी. गाडी घेतली त्या दिवशी मला वाटलं, कचेरीतली माझी उंची वीतभर वाढली. वाढली ती फक्त आसनाची होती.

तळ्याकाठी भेंडीच्या झाडाखाली एका मेस्त्रीची भट्टी होती. सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही त्याच्या हातात. उजवी भुवई भट्टीनं कधीच खाल्ली होती, त्यामुळं तो नेहमी अर्ध्या चेहऱ्यानं रागावलेला दिसे. उरलेला अर्धा खराच रागावलेला असे. गाडी दाखवायला नेली तर त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून चाकाभोवती फिरला, बोटाच्या पेरानं कडेच्या प्रत्येक लाकडी पाट्यावर टकटक केली, मधल्या तुंब्याला कान लावला, आणि मग मला विचारलं की ही गाडी कोणी गळ्यात मारली.

त्या माणसानं त्या वर्षभरात मला गाडीबद्दल जे सांगितलं, ते मी तेव्हाच ऐकलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. रोज सकाळी बैल जुंपायच्या आधी प्रत्येक चाकावर टिचकी मारायची. धडधाकट चाक खणखणीत बोलतं, सैल चाक बद्द बोलतं. वंगण एरंडेलाचं, त्यात जाळलेल्या पेंढ्याची काजळी. खोबरेल घालायचं नाही, ते उन्हात वाहून जातं. नवं वंगण घालण्याआधी जुनं पुसून काढायचं, कारण त्यात बसलेली वाळू आस कातरते. मैलभर गेल्यावर उतरून तुंब्यावर हात ठेवायचा. हात ठेववत नसेल तर थांबायचं, पोचायची कितीही घाई असो. गाडी उन्हात उभी करायची तर ओलं गोणपाट चाकांवर टाकायचं. आसाची एक जास्तीची खीळ आसनाखाली बांधून ठेवायची. आणि दोन चाकांच्या गाडीत जाड माणूस मागं बसवायचा नाही, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. हे शेवटचं सांगताना तो माझ्या पोटाकडं बघत होता.

आणि एक गोष्ट तो वरचेवर सांगे. चाकाला रंग द्यायचा नाही. जवसाचं तेल पाजायचं, दरसाल, दोनदा. रंग नाही.

“का हो मेस्त्री, रंगानं काय घोडं मारलंय?” मी एकदा विचारलं.

“उघडं चाक दुखणं सांगतं, रावसाहेब. रंगवलेलं चाक खोटं बोलतं.”

मला हे कुणबाऊ शहाणपण वाटलं. मी इंग्रजी सहा इयत्ता शिकलेला. माझ्या पेटीत पदार्थविज्ञानाचं एक पुस्तक होतं, त्याची पहिली चाळीस पानं मी वाचली होती. चाळीस पानांचा माणूस सगळ्यात धोक्याचा, हे त्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

वैशाख आला. त्या वर्षी ऊन असं होतं की दाराच्या फळ्यांमधून शेजारी दिसू लागला. आत्याच्या तारखेला पाच दिवस राहिले होते आणि मी गाडी घेऊन मेस्त्रीकडे गेलो, नुसतं वंगण घालून घ्यायला. त्यानं टिचकी मारली. उजवं चाक बद्द बोललं. मग त्यानं लोखंडी धाव आणि लाकडी पाटा यांच्या फटीत आपलं नख घातलं आणि मला दाखवलं. नख आत गेलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. लाकूड सुकून आखडलंय, धाव सैल झाली. धाव उतरवायची, तुकडा कापून सांधायची, गोवऱ्यांत लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. मग ती चाकाला अशी आवळते की दहा वर्षं बघायला नको. पण उद्या अवस. अवसेला आमची भट्टी पेटत नाही. त्यानंतर एका कोळशेवाल्याच्या खटाऱ्याचं काम आधी घेतलेलं आहे. “पाचव्या दिवशी दुपारी न्या.”

पाचव्या दिवशी दुपारी! पुकारा त्याच सकाळी होता. मी भडकलो. म्हटलं, कोळशेवाल्याचा खटारा आधी आणि कोर्टाचं काम मागून? आणि अमावस्या कसली, लोखंडाला तिथी कळते का? मेस्त्री भाता ओढत राहिला. मी बरंच बोललो. ज्याच्या हाताची सर आपल्या हाताला नाही, त्याच्याशी माणूस वाजवीपेक्षा जास्त मोठ्यानं बोलतो.

माझं सगळं बोलून झाल्यावर त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, बाईंना आदल्या दिवशीच एखाद्या साध्या गाडीनं कल्याणला आणून ठेवा. दोन, तो कोळशेवाला त्या सकाळी मोहन्याच्या बाजूनंच भरून येणार आहे, त्याच्या खटाऱ्यात पुढं बसवून आणा; चाकं माझ्या हातची असतील.

कोळशाच्या खटाऱ्यातून! आत्याचा दीर घोड्याच्या टांग्यातून येणार, शेल्याचा पदर सावरत उतरणार, आणि माझी आत्या कोळशाच्या गोणीवरून? मी मेस्त्रीला सांगितलं की आमच्यात असं चालत नाही. आत्याला विचारलं मात्र नाही. इतक्या वर्षांनंतरही मला ज्याचा राग येतो तो हाच: दावा तिचा, घर तिचं, आणि लाज कोणती सोसायची हे मी ठरवलं.

मग माझं पदार्थविज्ञान सुरू झालं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे चाक भिजवलं की धाव घट्ट. हे मेस्त्रीलाही ठाऊक होतं आणि त्यानं सांगितलंही होतं: भिजवलेलं चाक दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. पण मी त्याच्या पुढं गेलो. पाणी आत गेल्यावर ते बाहेर पडू द्यायचंच नाही. कसं? वरून रंगाचा जाड हात मारायचा! बुडाला लाख लावलेल्या बुधल्यातून पाणी पाझरतं का? नाही. हा शोध मला जेवताना लागला आणि मी उष्ट्या हातानं उठलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली. सकाळी चाकं काढून तळ्यावर नेली, तर पाणी भरणाऱ्या बायांनी पिण्याच्या पाण्यात गाडीची चाकं म्हणून माझा असा उद्धार केला की मी तिथून खाडीवर गेलो. ओहोटी होती. बंदराच्या बाजूला चिखलात एक उथळ खळगा पाहून दोन्ही चाकं निजवली, वर दगड ठेवले, आणि दुपारी येऊन काढू म्हणून घरी जाऊन झोपलो.

दुपारी जाऊन पाहतो तो खळगा नाही, दगड नाही, चिखलही नाही. सगळीकडे पाणी, आणि ते अजून चढत होतं. काठावर जाळं विणत बसलेल्या एका कोळ्याला विचारलं, आज इतकं पाणी कसं? त्यानं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मी थट्टा करतोय की काय म्हणून.

“अवस नाय का आज? उधाण हाय.”

आदल्या दिवशी ज्या अमावस्येला मी मेस्त्रीसमोर तोंड वर करून हसलो होतो, ती आता माझी दोन्ही चाकं पोटात घेऊन बसली होती. खाडीकाठच्या पोराला जे कळतं ते कोपरीत, त्याच खाडीच्या काठी जन्मलेल्या मला कळू नये! दिवेलागणीपर्यंत मी काठावर बसलो. पाणी उतरल्यावर कमरेइतक्या चिखलात शिरून, शिव्या देत चाकं उपसली. चाकं मात्र घट्ट झाली होती. टिचकी मारली तर खणखणीत. मला इतका आनंद झाला की चिखलातल्या चिखलात मी मेस्त्रीला मनातल्या मनात माफ केलं.

दुसऱ्या दिवशी रंग. खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी मळून धाव आणि पाटा यांच्या सांध्यात, आरे तुंब्यात बसतात तिथं, जिथं जिथं रेघ दिसली तिथं दाबून भरली. वर हिरव्या रंगाचे दोन हात. हिरवाच का, तर बाजारात तोच होता. मग अंगणात भर उन्हात गाडी दोन दिवस उभी केली, रंग वाळावा म्हणून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं म्हणून. गोणपाट टाकलं नाही. गोणपाटाखाली रंग कसा दिसणार?

तारखेच्या सकाळी, फटफटताच, मी मोहन्याला निघालो. टिचकी मारली नाही. रंगावर नखाचा ओरखडा उठला असता.

आत्या दारात तयार होती. लाल आलवण, हातात गाठोडं, त्यात घराचे कागद. गाडीकडं एक नजर टाकून तिनं विचारलं की वंगणात चरबी नाही ना. मी म्हटलं, शुद्ध खोबरेल आहे, मुद्दाम तुझ्यासाठी. यावरही मेस्त्रीनं काय सांगितलं होतं ते वर लिहिलंच आहे. ती बसताना तिच्या आलवणाचा काठ चाकाला लागला आणि हिरवा डाग पडला. माझा रंग अजून ओलाच होता. तिनं डाग पाहिला आणि आत सरकून बसली. विधवेच्या वस्त्रावर हिरवा रंग. मला आज वाटतं, तिथंच मला चार थोबाडीत देऊन ती चालत निघाली असती तर वेळेवर पोचली असती.

नदीपर्यंत सगळं ठीक. उन्हाळ्यात उताराला पाणी गुडघाभर असतं. पलीकडची चढण मात्र गोट्यांची. बैलांनी जोर लावला, दमणी अर्धी वर चढली आणि माझ्या उजव्या हाताला खळ्ळ असा आवाज झाला. पाहतो तर धाव चाकातून निघालेली. ती क्षणभर एकटीच उभी राहिली आणि मग उतारावरून मागं घरंगळत गेली, न डगमगता, सरळ, जणू तिला तिकडंच जायचं होतं. नदीत शिरून चार हात पुढं जाऊन आडवी झाली. तेवढ्यात पाटे सुटले, आरे पंख्यासारखे पसरले आणि दमणी कलंडली. आत्या एका हातानं कठडा आणि एका हातानं गाठोडं धरून तशीच तिरकी बसून राहिली.

“उतरू का, का अजून काही व्हायचंय?” तिनं विचारलं.

मी चाक जुळवायला बसलो. दोरी होती, खीळ होती, अक्कल नव्हती. सूर्य वर येत होता. आत्या काठावरच्या दगडावर बसून माझ्याकडं पाहत होती आणि बोलत नव्हती. मला लहानपणापासून तिचं बोलणं सोसायची सवय होती, न बोलणं सोसायची नव्हती. मी दोरीला शिव्या दिल्या, ठाण्याच्या त्या अधिकाऱ्याला दिल्या, बैलांना दिल्या. बैल चरत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मागून खटाऱ्याचा आवाज आला. काळा कुळकुळीत खटारा, कोळशाच्या गोणी, बिनरंगाची चाकं. नदीत उतरला, बाहेर पडला, चढण चढला, आणि त्याच्या एकाही सांध्यातून चकार शब्द आला नाही. गाडीवानानं माझं चाक पाहिलं आणि म्हणाला, मेस्त्रीनं सांगितलंच होतं की वाटेत एखादी म्हातारी बाई भेटली तर घेऊन ये.

मी तोंड उघडायच्या आत आत्या त्या गोणींवर चढली होती. तिनं मला कोर्टात येऊ नको म्हणून सांगितलं. बैलांपाशी थांब, म्हणाली, तेवढं तरी नीट कर.

ती पोचली तेव्हा पुकारा होऊन अर्धा तास झाला होता. वादी गैरहजर, दावा काढून टाकला. काजळलेलं तोंड, हिरवा डाग, हातात गाठोडं अशी ती कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होती आणि तिचा दीर टांग्यात चढताना तिला म्हणाला, “वहिनी, आता गोठ्यात राहा, तिथं भाडं मागणार नाही.” हे मला तिनं नाही, गाडीवानानं सांगितलं.

वकील म्हणाला, वाट आहे. गैरहजेरीला पुरेसं कारण होतं असा अर्ज करायचा, कोर्टाला पटलं तर दावा पुन्हा उभा राहतो. त्यानं माझ्या नावानं प्रतिज्ञालेख तयार केला: चाक सुस्थितीत असता केवळ दैवी आपत्तीने मोडले. मी सही केली. दैवी हा शब्द मला फार आवडला. दिराच्या वकिलानं उत्तर दिलं की बाईनं मुद्दाम वेळ काढला, साक्षीला घाबरली म्हणून. मग आमच्या वकिलानं सुचवलं, चाक दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याला आणा, त्यानं एवढंच म्हणायचं की चाक चांगलं होतं.

मी मेस्त्रीकडे गेलो. मोडकं चाक त्याच्या अंगणातच होतं, गाडीवानानं आणून टाकलेलं. मी गोड आवाज काढला. चाक चांगलं होतं, एवढंच म्हणायचं. म्हातारीचं घर आहे. त्यानं ऐरणीवरचा घण खाली ठेवला.

“माझ्या हाताखालून गेलेल्या चाकाबद्दल मी खोटं बोलायचं?”

“आत्याच्या घरासाठी, मेस्त्री.”

“घर तुम्ही मोडलंत. आता माझं तोंड मोडायला आलात.”

माझा तोल गेला. मी म्हणालो, मग येऊच नका. आलात तर आमचं नुकसान, नाही आलात तर निदान अर्धी आशा. आणि खरोखर मला वाटत होतं की त्यानं येऊ नये. पण आत्यानं त्याला परस्पर निरोप पाठवला होता. तिला सगळं कळलं होतं, रंग, लांबी, खाडी, सगळं. ती म्हणाली, तो येईल आणि खरं सांगेल. मला खोट्यावर मिळालेल्या घरात झोप लागायची नाही, आधीच त्या घरात ढेकूण फार.

मेस्त्री कोर्टात आला तो खांद्यावर ते हिरवं चाक घेऊन. चाक कसलं, दोरीनं बांधलेली मोळी. शिपायानं अडवलं, तो म्हणाला, ही माझी साक्ष. मुन्सफ वयस्क होते, स्वतःही सकाळी दमणीतून येत. त्यांनी आत घेऊ दिलं. मेस्त्रीनं मोळी जमिनीवर ठेवली, शपथ घेतली, आणि विचारायच्या आधीच बोलू लागला.

त्यानं सगळं सांगितलं. धाव सैल होती. आपण पाच दिवस आधी नख घालून दाखवलं होतं. रावसाहेबांना सांगितलं होतं, बाईंना नाही. बाई तेव्हा मोहन्यात होत्या. माझ्याकडं बोट करून तो म्हणाला की ह्यांनी ओल्या लाकडाला रंग फासला, फटी बुजवल्या. मग त्यानं पाट्याचा एक तुकडा उचलून नखानं लांबीचा पोपडा काढला. खाली फट, बोट शिरेल एवढी.

“गाडी नदीतून गेली, साहेब. उघडं चाक असतं तर तिथं पोटभर पाणी प्यालं असतं आणि चढण चढलं असतं. ह्यांनी त्याचं तोंड रंगानं बांधलं होतं. पाण्यात उभं राहून चाक तहानेनं मेलं.”

कोर्टात कोणी हसलं नाही. मला वाटतं, त्यामुळंच जास्त लागलं.

दिराचा वकील उठला आणि त्यानं माझा प्रतिज्ञालेख वाचून दाखवला. चाक सुस्थितीत असता. दैवी आपत्तीने. दैवी म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे आपत्ती दैवी नव्हती, हलगर्जीपणा होता, असं तो म्हणाला, आणि हलगर्जीपणा हे पुरेसं कारण होत नाही. मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी हिरव्या रंगाचा पोपडा पडला होता. आत्याचं घर माझ्या डोळ्यांदेखत जात होतं आणि ते घालवणारा माणूस पदार्थविज्ञानाची चाळीस पानं वाचलेला होता.

मुन्सफांनी मेस्त्रीला एकच प्रश्न विचारला. गाडीत बसलेल्या बाईला बाहेरून पाहून हे कळलं असतं का?

मेस्त्रीनं पहिल्यांदाच विचार केला. “नाय साहेब. मलाही नुसतं बघून कळलं नसतं. टिचकी मारावी लागली असती. आणि गाडीत बसणारानं चाकावर टिचकी मारायची नसते, ते गाडीवाल्याचं काम. बाईंनी भरवसा ठेवला. चाकावर नाय, भाच्यावर.”

मुन्सफ बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी सांगितलं, वादीची स्वतःची काही कसूर दिसत नाही, दावा पुन्हा घ्यावा. आणि मला जवळ बोलावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की यापुढं प्रतिज्ञालेखावर आपल्याला जे कळतं तेवढ्याखालीच सही करत जा. त्या हिशेबानं मी पुढं कित्येक वर्षं कशावरच सही करायला नको होती.

पुढच्या तारखेला आत्या आली, कोळशाच्या खटाऱ्यातून, गोणीवर स्वच्छ धडुतं अंथरून. दीर टांग्यातून उतरत असताना तिनं त्याच्यासमोरच कोळशाचे हात झटकले. विहीर आणि माजघर तिला मिळालं, पडवी दिराकडं राहिली. मी तिला घरी सोडू का विचारलं, तर ती म्हणाली, मला अजून जगायचंय.

मेस्त्रीनं माझी दमणी दुरुस्त करायला नकार दिला. म्हणजे अट घातली: दुसऱ्या चाकावरचा रंग आधी तुम्ही स्वतः खरवडायचा, इथं, भेंडीखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. मी म्हटलं मी कचेरीतला माणूस आहे. तो म्हणाला, मग कचेरीतून दुरुस्त करून घ्या. तीन रविवार मी शिंपल्यानं तो हिरवा रंग ओरबाडत बसलो. बोटांची सालं गेली. मला मेस्त्रीचा राग येत होता, आत्याचा येत होता, बाजारात हिरवाच रंग ठेवणाऱ्या दुकानदाराचा येत होता. ज्याचा यायला हवा होता तो कानापर्यंत लाल होऊन खरवडत होता.

तिसऱ्या रविवारी आत्या आली. कुणाचा तरी पोहरा सांधून घ्यायला म्हणून. माझ्याकडं न बघता मेस्त्रीला तिनं विचारलं, झालं का ह्याचं?

मेस्त्री वाकला, बोटाचं पेर चाकावर टेकवून टिचकी मारली. बद्द आवाज आला.

“अजून नाय,” तो म्हणाला, आणि मी पुन्हा खाली बसलो.